साथीच्या दिवसांतला दवाखाना

साथीच्या रोगाचा पहिला रुग्ण सहसा मोठ्या रुग्णालयात जात नाही. तो घराजवळच्या दवाखान्यात जातो, कणकण आहे, अंग मोडून आलंय, घसा धरलाय असं सांगतो, दोन दिवसांच्या गोळ्या घेतो आणि घरी परततो. त्या वेळी रोगाला नाव नसते, तपासणीची सोय नसते, समोर बसलेल्या डॉक्टरच्या तोंडावर मास्कही नसतो. नाव कळेपर्यंत, सूचना आणि साहित्य येईपर्यंत अशा अनेक रुग्णांच्या छातीला त्याने स्टेथोस्कोप लावलेला असतो. प्राथमिक आरोग्यसेवा देणाऱ्या डॉक्टरच्या काळजीची सुरुवात इथे होते. मग तो सरकारी केंद्रातला वैद्यकीय अधिकारी असो, नाहीतर बाजारपेठेत दोन गाळ्यांत दवाखाना चालवणारा खासगी डॉक्टर.

पश्चिम भारतातल्या सर्वांत गाजलेल्या साथीचे निदानही असेच एका खासगी दवाखान्यातून आले. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात व्यवसाय करणारे, मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी रुग्णांच्या अंगावरच्या गाठी आणि चढता ताप पाहून हा ब्युबॉनिक प्लेग असल्याचे सांगितले. ते सर्वांना लगेच पटले नाही. वाल्डेमार हाफकिन यांच्यासारख्या तज्ज्ञांनी तपासून खात्री केल्यावर सरकार हलले. तोवर प्लेग हातपाय पसरू लागला होता आणि काही महिन्यांत तो घाट चढून पुण्यात आला. मुंबई-पुणे लोहमार्गाचा बोर घाटातला टप्पा १८६३ मध्ये सुरू झालेला. खंडाळा, लोणावळा, तळेगाव ही स्थानके त्याच वाटेवरची. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी मंजूर झालेल्या साथरोग कायद्यात रेल्वेने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करून त्यांना वेगळे ठेवण्याचा अधिकार सरकारला मुद्दाम दिलेला आहे, कारण रोग कोणत्या वाटेने चालला आहे हे तेव्हाच दिसत होते. पुढच्याच महिन्यात, १० मार्चला, सावित्रीबाई फुले यांचे प्लेगने निधन झाले. मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना त्यांना लागण झाली होती. डॉक्टरच्या घरातल्या माणसाने साथीची किंमत मोजल्याचे पुणे परिसरातले हे सर्वांत ठळक उदाहरण. १९१८ चा इन्फ्लुएंझाही मुंबई बंदरात उतरून रेल्वेच्या वाटांनी देशभर पसरला.

पुणे जिल्ह्यातला मावळ तालुका आजही त्याच वाटेवर आहे, फक्त वाटा वाढल्या. लोहमार्गाला जोडून जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग आले. २०११ च्या जनगणनेनुसार तालुक्याची लोकसंख्या सुमारे पावणेचार लाख, त्यात लोणावळा शहर सत्तावन्न हजारांच्या पुढे. पण शनिवार-रविवारी, विशेषतः जून ते सप्टेंबर या काळात, भुशी धरण, टायगर पॉइंट, लोहगड, कार्ल्याची लेणी आणि एकवीरेचे देवस्थान इथे येणाऱ्यांची गर्दी या आकड्यात धरलेली नाही. तळेगावची औद्योगिक वसाहत, खंडाळ्याचे बंगले, शेतघरांवरचे राखणदार, रोज लोकलने पिंपरी-पुण्याला जाणारे कामगार, दर आठवड्याला मुंबईहून येणारे घरमालक, ही सारी माणसे ताप आला की जवळच्याच दवाखान्यात शिरतात.

दुसरीकडे तालुक्याचा मोठा भाग आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तीन खोऱ्यांत विखुरलेला आहे. तिथल्या टोकाच्या गावांत आणि ठाकर-कातकरी वस्त्यांवर मोबाइलला रेंज मिळवायला टेकाडावर जावे लागते. सरकारी आरोग्यव्यवस्थेचा पाया म्हणजे उपकेंद्र, त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र. सपाट प्रदेशात तीस हजार आणि डोंगरी किंवा आदिवासी भागात वीस हजार लोकांमागे एक केंद्र, असा निकष आहे. कार्ला, खडकाळा, टाकवे बुद्रुक, आढले ही मावळातली अशी केंद्रे जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येतात आणि त्यांच्यावर तालुका आरोग्य अधिकाऱ्याची देखरेख असते. कान्हे फाट्यावरचे सरकारी रुग्णालय मात्र जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली, तर लोणावळा आणि तळेगाव दाभाडे इथे नगरपरिषदांचा स्वतंत्र कारभार. एरवी ही विभागणी कुणाच्या लक्षातही येत नाही. साथीत मात्र एकाच रुग्णाची माहिती तीन ठिकाणी द्यावी लागते आणि तिन्हीकडून वेगवेगळ्या वेळी फोन येतात.

या व्यवस्थेच्या बाहेर, आणि रुग्णांच्या दृष्टीने तिच्याही आधी, खासगी दवाखाने आहेत. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) ग्रामीण भारतातल्या, रुग्णालयात भरती न होता उपचार घेतलेल्या आजारपणांपैकी जेमतेम एक तृतीयांश सरकारी ठिकाणी गेल्याचे दिसले. खासगी डॉक्टर आणि दवाखान्यांचा वाटा त्याहून मोठा होता. तालुक्याच्या गावातला असा डॉक्टर बहुतेक वेळा बी.ए.एम.एस. किंवा बी.एच.एम.एस. असतो, कधी एम.बी.बी.एस. अनेक ठिकाणी नवरा-बायको दोघेही डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर. एक कंपाउंडर, एक मदतनीस मुलगी, दोन बाकडी, आत एक तपासणीचे टेबल. हवा खेळायला खिडकी असेलच असे नाही. साथीचे वैद्यकशास्त्र लिहिताना हा गाळा क्वचितच कुणाच्या डोळ्यांसमोर असतो, आणि डॉक्टरांच्या निम्म्या अडचणी त्या गाळ्याच्याच असतात.

९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातले पहिले कोविड रुग्ण आढळले. १३ मार्चला राज्य सरकारने १८९७ चा तोच कायदा लागू केला. पुढच्या दहा-बारा दिवसांत प्रवासी रेल्वे थांबली, टाळेबंदी आली, बाजारपेठा ओस पडल्या. त्या आठवड्यांत प्राथमिक डॉक्टरांपुढे उभे राहिलेले प्रश्न देशभर सारखेच होते. मावळात त्यांना इथल्या पावसाने आणि भूगोलाने आणखी पीळ दिला.

सर्वांत मोठी चिंता निदानाची. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. भातलावणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात उभे राहिलेल्या माणसाला ताप येतो तेव्हा तो साधा विषाणुजन्य ताप असेल, लेप्टोस्पायरोसिस असेल, डेंगी, मलेरिया किंवा विषमज्वर असेल. २००९ नंतर या यादीत स्वाइन फ्लूही आला. देशातला त्याचा पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात झाला आणि त्याच महिन्यात पुण्यातल्या एका डॉक्टरचाही त्याने बळी घेतला. २०२० च्या पावसाळ्यात यादीच्या टोकाला कोविड आला. राज्यातली पहिली लाट सप्टेंबरमध्ये शिखरावर पोहोचली, म्हणजे नेमकी तापाच्या हंगामात. डेंगीत प्लेटलेट पाहायचे, लेप्टोत लघवी आणि डोळ्यांचा पिवळेपणा पाहायचा, कोविडमध्ये बोटाला ऑक्सिमीटर लावायचा. आणि हे सगळे पंचवीस-तीस माणसे बाहेर ताटकळत असताना. कोविडची चाचणी करायला पाठवावे तर अहवाल यायला दिवस लागत, न पाठवावे तर चूक अंगावर येण्याची भीती. त्यात या रोगाची एक खोड अशी, की रक्तातला प्राणवायू धोक्याच्या खाली गेलेला माणूस स्वतःच्या पायांनी चालत येऊन नीट बोलत असे. वर्षानुवर्षे रुग्णाच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधणाऱ्या अनुभवी डॉक्टरांना हे सर्वांत जास्त बोचले. जो आडाखा आयुष्यभर उपयोगी पडला, त्यावर विसंबता येईना.

दुसरी चिंता घरची. २००३ मध्ये सार्सची साथ आली तेव्हा हाँगकाँग, टोरंटो, सिंगापूर इथल्या डॉक्टरांच्या पाहण्यांत एक गोष्ट पुनःपुन्हा पुढे आली: स्वतःला लागण होण्याइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, धास्ती घरच्यांना लागण होण्याची असते. खाली दवाखाना आणि वर घर असले की ही धास्ती दिवसातून चार वेळा जिना चढते. घरात सत्तरीचे सासू-सासरे, मधुमेही आई, शाळकरी मूल. स्त्री डॉक्टरांच्या बाबतीत तर दवाखान्यातून वर आल्यावर स्वयंपाकघर वाट पाहत असते, आणि वेगळ्या खोलीत राहण्याचा सल्ला अमलात कसा आणायचा हे कुठल्याही परिपत्रकात लिहिलेले नसते. दोघेही डॉक्टर असलेल्या घरात एक पॉझिटिव्ह आला की दुसऱ्यालाही विलगीकरण, म्हणजे दोन दवाखाने एकदम बंद.

ही भीती पोकळ नव्हती. ऑगस्ट २०२० मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनने तोवर कोविडने दगावलेल्या १९६ डॉक्टरांची माहिती जाहीर केली. त्यांपैकी १७० जण पन्नाशीच्या पुढचे होते आणि सुमारे चाळीस टक्के जनरल प्रॅक्टिशनर. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांकडे अंगभर संरक्षक पोशाख होता. गल्लीतल्या डॉक्टरकडे सुरुवातीला कापडी मास्क होता आणि तोच धुऊन वापरायचा होता. एन-९५ मास्क मिळेनात आणि मिळाले तरी किमती अवाच्या सवा. राज्य सरकारने मास्कच्या किमतींवर मर्यादा घातली ती ऑक्टोबर २०२० मध्ये, पहिली लाट ओसरू लागल्यावर. पोशाख मिळाला तरी मावळच्या दमट हवेत तो घालून चार तास बसणे ही एक वेगळीच शिक्षा. चष्म्यावर वाफ धरते, हातमोज्यांतून नाडी नीट लागत नाही, आणि कानाने कमी ऐकणाऱ्या आजीला मास्कच्या आडून ओरडून सांगावे लागते की गोळी जेवणानंतर घ्यायची आहे.

रुग्णाला पुढे कुठे पाठवायचे, हा तिसरा प्रश्न. तळेगावला मायमर वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे डॉ. भाऊसाहेब सरदेसाई रुग्णालय आहे, पुढे पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, त्यापुढे औंध आणि ससून. एरवी चिठ्ठी लिहून दिली की काम होते. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेच्या भरात चिठ्ठीला अर्थ उरला नाही; पुणे जिल्ह्यात खाट, ऑक्सिजन, रेमडेसिव्हिर यांसाठी नातेवाईक रात्र-रात्र फिरत होते आणि फोन मात्र त्या फॅमिली डॉक्टरलाच करत होते, ज्याच्या हातात यांपैकी काहीच नव्हते. खांडी किंवा जांभवलीसारख्या टोकाच्या गावातून रुग्ण खाली आणायला १०८ ची रुग्णवाहिका किती वेळात येईल याचा अंदाज बांधून मगच 'हलवा' म्हणायचे, हा निर्णय वैद्यकशास्त्राचा कमी आणि रस्त्यांच्या माहितीचा जास्त होता. रुग्ण गेला आणि दगावला, तर 'आधी का नाही पाठवलं' असे विचारले जाते. पाठवला, त्याला खाट मिळाली नाही आणि तो वाटेत दगावला, तर 'घरीच ठेवायला हवं होतं' असे.

आणखी एक ओझे होते नोंदणीचे, आणि ते बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ मध्ये सुरू झाला. त्यात तीन प्रकारचे नमुने भरले जातात: 'एस' नमुना आरोग्यसेवकाने लक्षणांवरून, 'पी' नमुना डॉक्टरने संशयित निदानावरून, 'एल' नमुना प्रयोगशाळेने खात्री झाल्यावर. कागदावर ही रचना सुबक आहे. प्रत्यक्षात २०२० मध्ये एखाद्याचे नाव कळवणे म्हणजे त्याच्या घरावर फलक लागणे, गल्लीला बांबू बांधले जाणे, घरातल्यांना विलगीकरण केंद्रात नेणे आणि दुकान पंधरा दिवस बंद ठेवणे. ज्या कुटुंबाच्या तीन पिढ्या आपल्या हातून औषध घेऊन गेल्या, त्यातलाच मुलगा हात जोडून म्हणतो, 'डॉक्टरसाहेब, नाव तेवढं कळवू नका.' कळवले तर घर तुटते, न कळवले तर कायदा मोडतो आणि रोग वाढतो. शहरातल्या मोठ्या रुग्णालयाला रुग्ण हा एक क्रमांक असतो. कामशेतच्या किंवा वडगावच्या डॉक्टरला तोच माणूस दुसऱ्या दिवशी भाजी घेताना भेटतो. बहुतेकांनी कळवले. त्याची किंमत म्हणून काहींचे जुने रुग्ण कायमचे दुसऱ्या दवाखान्यात गेले, आणि हे नुकसान कुठल्याच तक्त्यात धरले गेले नाही.

पैशांची चिंता डॉक्टर मोकळेपणाने बोलून दाखवत नाहीत, पण ती होती. टाळेबंदीत रुग्ण घराबाहेर पडेनात. गाळ्याचे भाडे, कंपाउंडरचा पगार, सोनोग्राफी यंत्राचा किंवा घराचा हप्ता थांबला नाही. दवाखाना बंद ठेवावा तर नोंदणी रद्द करण्याच्या इशाऱ्याची नोटीस, उघडावा तर लागण. ६ मे २०२० रोजी वैद्यकीय शिक्षण व संशोधन संचालनालयाने मुंबईतल्या पंचावन्नच्या आतल्या, इतर व्याधी नसलेल्या खासगी डॉक्टरांना किमान पंधरा दिवस कोविड सेवा देण्यास सांगितले. सक्ती करणाऱ्या सरकारने संरक्षणही तितक्याच तत्परतेने द्यायला हवे होते. केंद्राच्या गरीब कल्याण योजनेत आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी पन्नास लाख रुपयांचा विमा होता. पण नवी मुंबईत दवाखाना उघडा ठेवण्याची नोटीस मिळालेल्या आणि नंतर कोविडने दगावलेल्या एका खासगी डॉक्टरच्या कुटुंबाला तो नाकारला गेला. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही त्यांची मागणी फेटाळली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. वाद एवढाच, की दवाखाना उघडा ठेवा असे सांगणे म्हणजे सेवा अधिग्रहित करणे होते की नाही. ही बातमी वाचलेल्या प्रत्येक खासगी डॉक्टरने मनात स्वतःचा हिशेब मांडला असणार.

मारहाण आणि बहिष्काराच्या घटनांनी यात भर घातली. घरमालकांनी डॉक्टर-परिचारिकांना खोल्या सोडायला सांगितल्याच्या बातम्या देशभरातून आल्या. एप्रिल २०२० मध्ये चेन्नईत कोविडने गेलेल्या डॉक्टरच्या दफनाला जमावाने विरोध केला. महाराष्ट्रात वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१० पासून कायदा आहे. साथरोग कायद्यात मात्र सरकारी अधिकाऱ्याला संरक्षण होते, डॉक्टरच्या अंगावर हात टाकणाऱ्याविषयी १२३ वर्षे एक शब्द नव्हता. तो २२ एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने आला: आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला केल्यास तीन महिने ते पाच वर्षे, गंभीर दुखापत केल्यास सहा महिने ते सात वर्षे कैद.

मावळाच्या वाट्याला याखेरीज काही खास गोष्टी आल्या. टाळेबंदीतही घाटमाथ्यावरच्या बंगल्यांची ये-जा पूर्ण थांबली नाही. एप्रिल २०२० मध्ये एक बडे उद्योगपती कुटुंब सरकारी अधिकाऱ्याच्या पत्रावर खंडाळ्याहून थेट महाबळेश्वरला पोहोचले तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. एकीकडे स्थानिकांना घराबाहेर पडायला बंदी आणि दुसरीकडे हे, त्यामुळे नियम समजावून सांगणाऱ्या डॉक्टरांचे आणि आशाताईंचे बोलणे फिके पडले. मग ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले. मावळात घरांचे पत्रे उडाले, फुलशेतीची पॉलिहाउस फाटली, विजेचे खांब आडवे झाले. आरोग्य केंद्रात लस ठेवण्याचे शीतकपाट विजेवर चालते, ऑक्सिजन काँसन्ट्रेटर विजेवर चालतो, ऑक्सिमीटरचे सेल आणायला दुकान उघडे लागते. साथ एकटी येत नाही. ती त्या वर्षीच्या पाऊस-वाऱ्यासकट येते.

या सगळ्याला डॉक्टर कसे पुरे पडले? मानसशास्त्रात ताणाला तोंड देण्याच्या पद्धतींची एक जुनी विभागणी आहे. रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ मध्ये ती मांडली: काही धडपड मूळ अडचण दूर करण्यासाठी असते, काही मनातली खळबळ आवरण्यासाठी. प्राथमिक डॉक्टरांच्या बाबतीत पहिली जागच्या जागी सुरू झाली. बाकडी आतून बाहेर ओट्यावर आली. दारात दोरी बांधली गेली, टेबलापुढे प्लास्टिकचा पडदा किंवा काच बसली, तापाच्या रुग्णांची वेळ वेगळी झाली, काहींनी खिडकीतूनच तपासायला सुरुवात केली. कपडे बदलायची जागा जिन्याखाली झाली. यांतले बरेच उपाय सूचनापत्रक येण्याआधी, एकमेकांचे पाहून झाले. संशोधन पुढे सांगू लागले की हा रोग बंद हवेत जास्त पसरतो, तेव्हा गरम पाण्याच्या वाफेपेक्षा आणि सॅनिटायझरच्या फवाऱ्यापेक्षा ओट्यावरचे ते बाकडे जास्त कामाचे होते हे सिद्ध झाले.

फोनने मोठा आधार दिला. २५ मार्च २०२० रोजी केंद्राने दूरध्वनी आणि व्हिडिओवरून सल्ला देण्याची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्याआधी फोनवर औषध सांगणे कायद्याच्या दृष्टीने निसरडे होते. सरकारची ई-संजीवनी ओपीडी सेवा एप्रिलमध्ये सुरू झाली. पण मावळातल्या माणसाने बहुधा ॲप उघडले नाही, त्याने आपल्या डॉक्टरच्या मोबाइलवर जिभेचा किंवा अहवालाचा फोटो टाकला. बोटातल्या यंत्राचा आकडा सकाळ-संध्याकाळ कळवणे आणि सहा मिनिटे घरातल्या घरात चालून तो खाली येतो का ते पाहणे, या दोन गोष्टींनी अनेकांना वेळेत रुग्णालयात पोचवले. यात आशाताईंचा वाटा डॉक्टरांइतकाच. १५ सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघरी तापमान आणि प्राणवायू मोजत फिरणाऱ्या त्याच होत्या. फोनचा तोटा असा, की दवाखान्याला वेळ असते, मोबाइलला नसते. रात्री अकराला 'ब्याण्णव दाखवतंय, काय करू?' या प्रश्नाला उत्तर दिल्यावर झोप लागणे कठीण.

गोळ्यांचाही आधार घेतला गेला, आणि इथे जरा स्पष्ट बोलायला हरकत नाही. मार्च २०२० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेण्याचा सल्ला दिला. अनेक डॉक्टरांनी ते घेतले, घरच्यांनाही दिले. पुढे मोठ्या चाचण्यांत त्याचा उपयोग दिसला नाही आणि मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिबंधासाठी ते वापरू नये असे सांगितले. गावोगावी अर्सेनिकम अल्बम ३० या होमिओपॅथिक औषधाच्या बाटल्या वाटल्या गेल्या; काढ्यांचे पातेले तर घराघरांत होते. औषध म्हणून यांचा हिशेब शून्याजवळ जाईल. पण ज्या माणसाला दररोज अज्ञाताच्या समोर बसायचे आहे, त्याला आपण काहीतरी केले आहे असे वाटणे गरजेचे असते, आणि हे डॉक्टरलाही लागू आहे. धोका तिथे, जिथे त्या गोळीच्या भरवशावर मास्क हनुवटीवर उतरतो.

सर्वांत टिकाऊ आधार ठरला तो समव्यवसायी मंडळींचा. तालुक्यातल्या डॉक्टरांचे व्हॉट्सॲप गट, ज्यांवर एरवी वाढदिवस आणि परिषदांची निमंत्रणे असत, ते खाटांची चौकशी, औषधांचा साठा आणि 'या फुप्फुसाच्या स्कॅनचा अर्थ काय' अशा प्रश्नांनी भरून गेले. अनिश्चितता वाटून घेतली की तिचा भार कमी होतो हे जनरल प्रॅक्टिशनरांच्या बाबतीत फार पूर्वी ओळखले गेले आहे. मायकेल बॅलिंट या मानसोपचारतज्ज्ञाने १९५० च्या दशकात लंडनमध्ये फॅमिली डॉक्टरांचे छोटे गट बसवले. दर आठवड्याला एकाने आपला अवघड रुग्ण मांडायचा आणि बाकीच्यांनी रोगाविषयी कमी, डॉक्टरच्या मनात काय झाले याविषयी जास्त बोलायचे. बॅलिंट गट आज अनेक देशांत चालतात. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर डोसची चर्चा होते. 'आज दोन माणसं गेली आणि मला दवाखाना उघडायची इच्छा नाही' हे तिथे कुणी सहसा लिहीत नाही.

काहींनी माघार घेतली हेही नोंदवले पाहिजे. साठी ओलांडलेल्या, हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या डॉक्टरांनी दवाखाना बंद ठेवला, त्यातले काही पुन्हा उघडलेच नाहीत. त्याला भित्रेपणा म्हणणे अन्याय होईल; वरचा १९६ पैकी १७० हा आकडा पाहिल्यावर तो हिशेब चुकीचा होता असे म्हणता येत नाही. २२ मार्च २०२० ला थाळ्या वाजल्या, ३ मे रोजी हवाई दलाने रुग्णालयांवर फुले उधळली, नंतर प्रमाणपत्रांचा पूर आला. सत्कार वाईट नसतो, पण सत्काराच्या शालीखाली 'मला भीती वाटते' असे म्हणायला जागा उरत नाही. क्रिस्टिना मॅसलाक यांनी वर्णन केलेल्या व्यावसायिक थकव्याची तीन लक्षणे आहेत: मन रिकामे होणे, रुग्णाकडे वस्तूसारखे पाहू लागणे, आपल्या कामाला अर्थ नाही असे वाटणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या नव्या वर्गीकरणात याला कामातून उद्भवणारी अवस्था म्हणून स्थान दिले. मधले लक्षण सर्वांत फसवे. दुसऱ्या लाटेनंतर पूर्वी प्रत्येकाशी दोन शब्द बोलणारा डॉक्टर मान वर न करता चिठ्ठी लिहू लागला, तेव्हा रुग्णांना तो माजोरी झाल्यासारखा वाटला. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे. डॉक्टर हा क्रमांक रुग्णांना देतात. स्वतः लावणारे किती, हा प्रश्न अवघड आहे.

धीर हा स्वभावाचा गुण आहे असे मानले की व्यवस्थेची सुटका होते. सिंगापूरने सार्सनंतर निराळा विचार केला. खासगी दवाखान्यांचे एक जाळे आधीच नोंदवून ठेवले, साथ आली की त्यांना कार्यान्वित करायचे, सरकारने मास्क आणि साहित्य पुरवायचे, श्वसनाच्या रुग्णाचे शुल्क कमी करून फरक दवाखान्याला द्यायचा. फेब्रुवारी २०२० मध्ये असे सुमारे नऊशे दवाखाने काही दिवसांत सज्ज झाले. श्रीमंत शहर-राष्ट्राची गोष्ट मावळाला जशीच्या तशी लागू होणार नाही. पण तिच्यातला गाभा पैशांचा नाही. खासगी दवाखाना हा आरोग्यव्यवस्थेचा भाग आहे हे साथ येण्याआधी ठरवणे, हा तो गाभा. आपल्याकडे तो भाग आहे हे नोटीस काढताना आठवले आणि विमा देताना विसरले गेले.

तालुक्याच्या पातळीवर काय उपयोगी पडते हे अनुभवातून स्पष्ट झाले आहे. एकाच अधिकाऱ्याकडून, एकाच वेळी, मराठीत येणारी सूचना. कोणत्या रुग्णालयात किती खाटा रिकाम्या आहेत याचा दिवसातून दोनदा मिळणारा खरा आकडा. मास्कचा थोडा साठा खासगी दवाखान्यांसाठी वेगळा ठेवणे. आजारी पडलेल्या डॉक्टरच्या जागी दुसऱ्याने बसण्याची सोय. आरोग्य केंद्रात निदान कागदावर दुसरा वैद्यकीय अधिकारी असतो, खासगी डॉक्टरला शेजारच्या दवाखान्याशी तोंडी ठरवून घ्यावे लागते. लसीने मनाला जो दिलासा दिला तो कुठल्याही समुपदेशनाने दिला नसता. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले ते आरोग्य कर्मचाऱ्यांपासून, आणि खासगी डॉक्टर व त्यांचे कंपाउंडर यांनाही त्या यादीत घेतले हा निर्णय योग्य होता.

कोविडनंतरही साथी थांबलेल्या नाहीत. जुलै २०२१ मध्ये राज्यातला पहिला झिका रुग्ण पुणे जिल्ह्यातच, पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला. जून २०२४ मध्ये पुणे शहरात झिका पुन्हा दिसला तेव्हा सुरुवातीच्या रुग्णांत एक डॉक्टरच होते. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले. पाय लुळे पडल्यावर माणसे मोठ्या रुग्णालयांत गेली आणि तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आले. अनेकांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, संशय पिण्याच्या पाण्यावर गेला. या आजारात पाय लुळे पडण्याआधी काही दिवस जुलाब झालेले असतात, आणि जुलाबाचा रुग्ण जातो तो कोपऱ्यावरच्या दवाखान्यात. एका आठवड्यात एकाच भागातून नेहमीपेक्षा जास्त जुलाब येत आहेत ही गोष्ट तिथे सर्वांत आधी दिसू शकते. तिच्यासाठी 'पी' नमुना आहे, २०२१ पासून तो ऑनलाइन भरण्याची सोयही आहे. धरणांच्या, झऱ्यांच्या आणि टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या, आणि पावसाळ्यात हजारो पाहुणे पोसणाऱ्या मावळात ही नोंद खासगी दवाखान्याच्या केस पेपरवरून तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर अजून क्वचितच पोचते.